जुनं पायथन काढू नका, हे मी सांगितलं नाही

६ ऑक्टो., सोम.
कॉलेजची कॉम्प्युटर लॅब हातातून गेली. अकरा वर्षं सांभाळली, आजपासून देशमाने सरांकडे (इथून पुढे दे.). प्राचार्य सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "बाईंना नवीन काही जमत नाही, असं सरांचं मत आहे." मत! माणसाला येऊन तीन महिने झालेत. मी हसून मान डोलावली आणि लोकलमध्ये लोणावळा ते कान्हे दातओठ खात घरी आले. याचा सूड घेणार. लिहून ठेवतेय.

७, मंगळ.
नव्या अभ्यासक्रमाला प्रोग्रॅम लिहायचं नवं पायथन हवं. लॅबच्या मशीनवरच्या लिनक्स सिस्टिमबरोबर जुनंच येतं. टिकाऊ म्हणूनच तर ते घेतलं. उपाय सोपा आहे. नवं वेगळ्या फोल्डरात टाकायचं, जुन्याला हात लावायचा नाही, कारण अर्धी सिस्टिम त्याच्यावर चालते. माझ्या ऑफिसातल्या मशीनवर मार्चपासून दोन्ही सुखानं नांदतायत. मला कोण विचारतंय!

९, गुरु.
विचारलं! दे. : "जुनं काढून नवं टाकलं की झालं ना, मॅडम?"
जिभेवर आलेलं गिळलं. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, सर. फक्त तेवढं रजिस्टरला लिहून सही करा."
केली की ऐटीत. हिरव्या शाईत, जणू हाच प्राचार्य.

१०, शुक्र.
शिपाई किसनभाऊ दारातच भेटले. "बाई, समदे कांप्युटर काळे पडल्यात. नुसती पांढरी अक्षरं येत्यात. सरांनी काय केलं कुणाला ठावं."
वीसच्या वीस! आधी एकावर करून बघायची अक्कल नाही. नेटही गेलंय. दे. घाम पुसत होता. मी समोर बसून डबा खाल्ला, सावकाश. भेंडी होती. फार बरं वाटलं.

११, शनि.
प्रॅक्टिकल मंगळवारी. आंदर मावळातली नंदा सरावाला आलेली, तासभर चालून मग एसटी. घरी कॉम्प्युटर नाही. "मॅडम, आज तरी बसाया मिळंल का?" म्हटलं, सरांना विचार. ती तिथेच उभी राहिली, माझ्याकडे बघत. संताप आला. पोरीचा नाही, दे.चाच. त्याच्यामुळे मला हे...

१३, सोम. दुपार
रजिस्टर घेऊन प्राचार्यांकडे गेले, सही दाखवायला. दे. आधीच तिथे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "चूक माझी आहे, सर. बाईंचा काही संबंध नाही." मेल्यानं तेवढंही सुख दिलं नाही!
प्राचार्य : "उद्या सकाळपर्यंत होईल?"
"सर शेजारी बसले तर होईल."
बसलाय. सांगेन ते निमूट करतो. चौथं मशीन चालू असताना हळूच म्हणाला, "मॅडम, गुरुवारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"
म्हटलं, पेन ड्राइव्ह द्या इकडे.
पाचवं चालू होईपर्यंत हे लिहितेय. तो परत विचारणार. हो म्हटलं, तर नंदाचे तीन दिवस मीच खाल्ले. नाही म्हटलं, तर बाईंना नवीन काही जमत नाही, हे त्याचं मतच खरं.
पंधरा मशीन बाकी.