टिकटिकीचा बंदोबस्त

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मी आहे; तुझ्या भाऊजींची तब्येत हल्ली तू दिलेल्या पेडलवर अवलंबून असते. तुझा खोकला थांबला असेल अशी आशा आहे, कारण इथे एक आवाज थांबवता थांबवता आमच्या नाकी नऊ आले.

निवृत्तीनंतर गिटार शिकणाऱ्या माणसाला घरी बनवलेलं पेडल भेट द्यायचं, ही अक्कल तुझीच. पायाने दाबलं की सूर थरथरतो, वर लाल दिवा लुकलुकतो, सगळं छान. पण दिवा लुकलुकला की स्पीकरमधून दर वेळी ‘टिक’ येतं, हे तू बोलला नव्हतास. (की तुला ऐकूच आलं नाही? लहानपणीही मी कामाला हाक मारली की तुला ऐकू येत नसे.) यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळावर संशय घेऊन त्याचा सेल काढला, तेव्हापासून आमच्याकडे सव्वाचारच वाजलेत. मग नळ झाला, फ्रीज झाला, शेवटी माझे गुडघे. मी म्हटलं, माझे गुडघे वाजतात खरे, पण इतके तालात नाही.

मग तू फोनवर सांगितलंस की आत दिव्याची तार आणि सुराची तार एकमेकींना चिकटून गेल्यात, त्यांना लांब करा आणि दिव्याला बॅटरीपासून वेगळी तार द्या. झालं! ज्या माणसाने जन्मात कधी फ्यूज बदलला नाही, तो तारांना डाग द्यायची तापती सळई घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला. (टेबलक्लॉथला भोक पडलंय. हे म्हणतात, ते तू मागे आला होतास तेव्हाचं आहे.) पण खरं सांगते, एका संध्याकाळी टिकटिक थांबली. पंखा बंद करून आम्ही दोघांनी श्वास रोखून ऐकलं. काही नाही! यांचा चेहरा असा फुलला की मला भरूनच आलं.

हा आनंद शेजारचे दातांचे डॉक्टर येईपर्यंत टिकला. ते यांच्या साथीला ड्रम वाजवतात. देवमाणूस! दाढ उपटताना हात जराही हलत नाही, पण ड्रमवर बसले की तोच हात कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इतके दिवस ते त्या टिकटिकीचं बोट धरून चालत होते, हे मला स्वयंपाकघरात बसून तेव्हा कळलं. बोट सुटलं आणि डॉक्टर सुटले. यांचं एक कडवं उरलं होतं तेव्हा डॉक्टर गाणं संपवून पाणी पीत होते. आणि हे वेडे स्वतःलाच दोष देतात, ‘माझाच हात बसत नाही’ म्हणून. रविवारी जुन्या ऑफिसच्या मंडळींसमोर वाजवायचं आहे, आणि याच मंडळींनी निरोपाच्या दिवशी ‘गिटार? या वयात?’ म्हणून पोट धरधरून हसून घेतलं होतं. यांना हसायला घरची मी आहे ना. बाहेरच्यांनी हसलेलं मला खपणार नाही.

सगळ्यांना सांभाळून राहा, खोकल्याकडे लक्ष दे.

तुझी,
ताई

ता. क. शनिवारी ये, सहज आल्यासारखा. हे अंघोळीला गेले की पेडल उघड आणि टिकटिक होती तशी परत घालून दे. यांना कळू देऊ नकोस, एवढ्या कष्टाने घालवली आहे, जीव तुटेल त्यांचा.

ता. क. दुसरा. डॉक्टरांनाही कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा, भाऊजींकडून. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. डॉक्टरांचं मला त्याच दिवशी कळलं होतं, पण भल्या माणसाला तोंडावर काय सांगायचं? तुझी ताई भाजी आणायला गेली तेव्हा मीच तारा होत्या तशा जोडून टाकल्या. आता हात दुखतो असं सांगून शनिवारपर्यंत गिटारला हात लावत नाही. तिला सांगू नकोस, सगळं आपणच जमवलं असं तिला वाटलं की ती फार खूश असते. तू मात्र नक्की ये. मी अंघोळीला भरपूर वेळ लावीन. आणि ते टेबलक्लॉथचं भोक तुझ्याच नावावर राहू दे.