रिकाम्या जागेचा वाद

प्रिय दत्ता,

तुझं न ऐकण्याची किंमत आधी लिहितो: एक रविवार, दौंड ते कुरकुंभ चार खेपा, आणि मेहुणीचा साखरपुडा चुकवल्याबद्दल तुझ्या प्रतिभावहिनीचा तीन दिवसांचा अबोला. अबोल्याचा फायदा एवढाच, की विचार करायला निवांतपणा मिळाला.

कुरकुंभच्या त्या औषध कंपनीचे इंजिनियर ज्या सर्व्हरमधून घरबसल्या प्लँटच्या मशिनी बघतात, तो मांडतानाच आपलं बिनसलं. तू म्हणालास, "प्रोग्रॅमचं फोल्डर वेगळं कर, नोंदींचं वेगळं, आन् नोंदींना दोनशे जीबी मोकळी सोड. कोण आला, काय करून गेला, सगळं लिहिलं जातं. ते वाढतच राहतं." मी न्हावऱ्यात कांद्याची पोती भरत मोठा झालेला माणूस, रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. म्हणालो, "मोकळं सोडलं की शेजारी गोठा बांधतो." सगळं एकत्र कोंबलं, वर कंपनीच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ भरले. तू भागीदारी मोडून भांडगावला गेलास. जाताना जिन्यात आपल्या हाताखालच्या सुरजला म्हणालास, "हौसरावला श्वास घ्यायला जागा दिली, तर तिथंबी पोतं ठेवील." माझे कान तुला ठाऊक आहेत.

रविवारी डिस्क भरली. नोंद लिहायला जागा नाही म्हटल्यावर सर्व्हर कुणालाच आत घेईना. वहीतलं पान संपलं म्हणून मालकालाच दारात उभा करणारा राखणदार. मॅनेजर म्हणाला, "असंच चालायचं असंल तर काम दुसऱ्याला देतो." पहिल्या तीन खेपा पासवर्ड, चष्मा आणि पुन्हा पासवर्ड विसरण्यात गेल्या. चौथ्या खेपेला मात्र सर्व्हरपुढं बसलो आणि दहा मिनिटांत, एकट्यानं, सुरू केला. मॅनेजरनं चारचौघांत पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

आता खरं ते. रोज दोन जीबी भरतेय. पुढच्या बुधवारी दार पुन्हा बंद होईल आणि काम जाईल. नवी डिस्क आणलीय, पण चालू सर्व्हरमधले फोल्डर हलवायची माझी छाती होत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून भांडगावच्या दूधगाडीबरोबर हे पत्र पाठवतोय. ये, तुझ्या मनासारखं मांड. पाटीवरचं तुझं नाव मी काढलेलं नाही. त्या दहा मिनिटांचं म्हणशील, तर तुझ्या फोल्डरात "राखीव" नावाची वीस जीबीची पोकळ फाईल होती, अडचणीला पुसायची म्हणून तूच ठेवलेली. मी फक्त ती पुसली.

तुझाच,
हौसराव