दोन्ही बाजूंनी धार

३ जानेवारी, शुक्रवार

ठरलं. या सीझनपासून नर्सरीतल्या प्रत्येक चाकूला धार मी स्वतः लावणार.

मागच्या वर्षी संत्र्याच्या शंभरातल्या तीस कलमा मेल्या. ज्योत्स्ना म्हणते, पाणी द्यायच्या दिवसांत तुम्ही अमरावतीला मॅच बघत बसला होता. बायको झेडपीच्या शाळेत शिकवते, तिला नर्सरीतलं कळत नाही. कारण एकच, बोथट चाकू. दुर्गाबाई बावीस वर्षांपासून आमच्याकडे डोळे बांधते. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. काम बरं करते. पण चाकू घासते कशावर, तर हौदाच्या काठावर. मग चपलेच्या पट्ट्यावर. असल्या अडाणीपणामुळे मोर्शी तालुका मागे आहे.

ऑनलाइन धारेचे दोन दगड मागवले. एक हजार ग्रिटचा, भरड; एक सहा हजारचा, बारीक.

६ जानेवारी

दगड आले. दिवसभर बादलीत भिजवले. संध्याकाळी डब्यावर वाचलं, भिजवू नये. छपाईची चूक असावी.

अकरा व्हिडिओ पाहिले. पातं वीस अंशात धरायचं, दोन्ही बाजूंना सारखे स्ट्रोक. सोपं आहे. दुर्गाबाई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "किशोरभाऊ, डोळ्याच्या चाकूले एकाच आंगानं धार रायते. दुसरं आंग सपाट पायजे, नाई तं डोळा खालून बसत नाई." मी विचारलं, हे कोणत्या व्हिडिओत आहे? ती आपल्या रोपांकडे वळली.

रस्त्यापलीकडच्या, समोरच्या नर्सरीचा खुशालराव, म्हणजे माझा साडभाऊ, आमच्या कुंपणावर कोपर ठेवून हे सगळं ऐकत होता. याला स्वतःचं काम नसतं. तरी याच्या कलमा जगतात. नशीब असतं एकेकाचं.

८ जानेवारी

टेस्टिंग. डाव्या हातावरचे केस साफ निघाले, कोपरापर्यंत. पेपर उभा चिरला. तो आजचा होता, वाचायचा राहिला. अंगठा कापला, पण धार किती उत्तम आहे याचाच तो पुरावा. ज्योत्स्नानं पट्टी बांधली.

तिच्या विळीलाही धार लावून दिली. न सांगता, सरप्राइज. संध्याकाळी विळी घरात दिसेना. पौर्णिमाकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, ठेवून आली म्हणे. म्हणजे खुशालरावाच्या घरात. माझी धार आता त्याची भाजी चिरणार.

९ जानेवारी, गुरुवार

दुर्गाबाई माझ्या चाकूंना हात लावत नाही. पाचही तयार करून टेबलावर मांडले होते. ती आपल्या पिशवीतून स्वतःचाच काढते. हाडाची मूठ, काळं पातं. मालक कोण आहे इथे?

दुपारी दुर्गाबाई आणि बाकीच्या दोघी बाया जेवायला बसल्या. पिशवी रोपांपाशीच होती. मी चाकू काढला आणि चाळीस मिनिटं घासला. दोन्ही बाजूंनी, वीस अंश, एक हजार, मग सहा हजार. इतकं चकाकलं की त्यात माझी मिशी दिसत होती.

ती आली. पातं उन्हाकडे धरलं. सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. मी शाबासकीची वाट बघत उभा. तिनं चाकू फडक्यात गुंडाळला, पिशवी उचलली आणि गेली. मागून उरलेल्या दोघीही गेल्या.

ज्योत्स्नानं एवढंच विचारलं, "तिला विचारून घेतला होता का?" चांगल्या कामाला परवानगी लागत नसते.

११ जानेवारी

दुर्गाबाई खुशालरावाकडे लागली. कुंपणावरून दिसली. बावीस वर्षांचं मीठ दोन दिवसांत विसरली. जाऊ दे. मी एकटा बांधीन. परतवाड्याच्या पंजाबरावांची तीन हजार कलमांची ऑर्डर आहे. आज अडतीस झाल्या. स्पीड वाढेल.

१४ जानेवारी

आज एकवीस. कंबर वाकत नाही. दुसऱ्या अंगठ्यालाही पट्टी.

खुशालरावानं तिळगूळ पाठवला. गोड बोला म्हणतो, माझी माणसं पळवून. खाल्ला नाही. नंतर दोन खाल्ले, कारण ज्योत्स्ना शाळेत होती आणि घरात दुसरं काही नव्हतं.

५ फेब्रुवारी

कलमांच्या पट्ट्या सोडल्या. डोळे काळे पडलेत. वाळून, बोट लावलं की गळतात. चार ओळी मात्र हिरव्यागार. म्हणजे पद्धत बरोबर आहे. ज्योत्स्ना म्हणाली, त्या चार दुर्गाबाईनं नऊ तारखेला जेवणाआधी बांधल्या होत्या. असतील. माझ्या देखरेखीखाली बांधल्या होत्या.

बाकीच्यांची कारणं: थंडी. पट्टीचं प्लास्टिक हलकं. खुशालरावाच्या पाण्याच्या इंजिनचा धूर थेट माझ्या रोपांवर येतो.

ज्योत्स्नानं एक मेलेला डोळा सोलून तळहातावर घेतला. "खालून गोल आहे हा," म्हणाली, "चमच्यासारखा. बसेल कसा?" मी म्हटलं, उजेड कमी आहे.

७ फेब्रुवारी

पंजाबरावांचा फोन. कलमा समोरून, खुशालरावाकडून घेतो म्हणाले. पस्तावाल, असं मी सांगणार होतो. त्यांनी फोन आधी ठेवला.

ज्योत्स्ना म्हणाली, जा आणि दुर्गाबाईशी बोला. जाईन. पण माझ्या अटींवर.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी रस्ता ओलांडून गेलो. तीन मुद्दे पाठ होते. तिची बेशिस्त, माझं मोठं मन, उद्यापासून कामावर.

दुर्गाबाई रोपांच्या ओळीत बसली होती. हातात तोच चाकू, पण पातं निम्म्यानं अरुंद झालेलं. मी पहिला मुद्दा काढला. तिनं ऐकून घेतलं. हात थांबवला नाही.

म्हणाली, "हा चाकू माया घरच्यानं बनवला, भाऊ. लग्नाच्या साली, आरीच्या तुटल्या पात्याचा. त्याले जाऊन नऊ वर्सं झाली. पंधरा दिवस रोज घासला, तवा कुठं आंग पुन्हा सपाट आलं. आता दोन सीझनचं पातं उरलं."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "तुमी इचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं. म्हणूनच तं तुमी इचारलं नाई."

दुसरा मुद्दा आठवेना. खुशालरावानं चहा दिला. मी घेतला. का घेतला, कळत नाही. ती पुढच्या रोपाकडे सरकली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो, कोणी बस म्हटलं नाही.

घरी ज्योत्स्नानं विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, विचार करते म्हणाली.

तसं ती म्हणाली नाही.