निकालाखालची एक ओळ

मॅडम,

तुमच्या स्वयंपाकघराला आता पाटी मिळाली आहे. लॉ कॉलेजात ग्रंथालयाशेजारी मोडकी बाकं ठेवायची ती खोली होती ना, ती रिकामी करून प्राचार्यांनी मला दिली आणि दारावर रंगवून घेतलं, ‘प्रथम वर्ष विधी विद्यार्थी साहाय्य कक्ष’. एवढं लांबलचक नाव वाचून तुम्ही हसला असतात. तुमच्या वेळी याला काही नावच नव्हतं. पहिल्या वर्षाची खेड्यापाड्यातली पोरंपोरी रविवारी सकाळी तुमच्या घरी यायची, तुम्ही स्वयंपाक करता करता आम्हाला निवाडे वाचायला शिकवायचात आणि दुपारी जेवल्याशिवाय कुणाला सोडायचा नाहीत. कॉलेजनं ते सांगितलेलं नव्हतं आणि पगारातही धरलेलं नव्हतं. आता माहितीपुस्तकात या कक्षाबद्दल चार शब्द छापून येतात, आणि आठवडाभर कोर्टात वकिली करून शनिवारी तो वर्ग मी चालवते. पाटी लागली त्या दिवशी मी शिपायाला उगाच पुन्हा पुन्हा स्टुलावर चढवून ती सरळ करून घेतली. मला फार अभिमान वाटला मॅडम, आणि तो सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचेना. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, हे ठाऊक असूनही लिहायला बसले.

मी तुमच्याकडे कशी आले, ते सांगते. येलदरीच्या बाजूला आमची मेंढरं. बी.ए. करून एलएलबीला नाव घातलेली आमच्या वस्तीतली मी पहिलीच. पहिल्या चाचणीत तुम्ही अपकृत्य कायद्याचा प्रश्न घातला होता. एकाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, हे ठरवणारा तो कायदा. एकाची मेंढरं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली, पीक खाल्लं, जबाबदार कोण, कारणांसह लिहा. मला वाटलं, हा तर आपल्या घरचाच पेपर. मी पानभर लिहिलं, की दोघांनी चार माणसांत बसावं, मेंढीवाल्यानं काही रात्री आपला कळप त्याच रानात बसवावा म्हणजे लेंड्यांचं खत होईल आणि पुढचं पीक जोमात येईल, आणि तोवर शेतकऱ्यानं मेंढक्यांच्या भाकरीचं बघावं. आमच्याकडे असंच मिटवतात. अशा बैठकांना माझ्या वडिलांना, आबांना, मुद्दाम बोलावणं यायचं, आणि उत्तर मी त्यांच्याच तोंडचं लिहिलं होतं. तुम्ही त्याला भोपळा दिलात.

वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेता. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी आहे आणि तुम्ही पेपर माझ्यापुढे सरकवता.

“काय गं, तुला विचारलंय काय अन् तू लिहायलीस काय?”

“मॅडम, भांडण मिटलं ना.”

“मिटलं की. लय चांगलं मिटलं. पण जबाबदार कोण, ते कुठं लिहिलंस? तू तिथं निकाल द्यायला बसलीस का पाहुणी म्हणून गेलीस?”

मी पेपर उलटून पाहिला.

“मेंढीवाला का शेतकरी? एकाचं नाव घे.”

मेंढीवाला, असं मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. मेंढीवाला म्हणजे आमचे आबाच की. तुम्ही मला रडू दिलंत, पेपरची घडी घातलीत आणि म्हणालात, “रविवारी घरी ये. अन् जेवून येऊ नकोस.”

तुमचं ते स्वयंपाकघर. भिंतीला टेकून आम्ही ओळीनं बसलेलो, प्रत्येकापुढे ताटात तुरीची डाळ, आणि ती निवडता निवडता प्रत्येकानं एकेक खटला सांगायचा. इंग्रजी निवाडा आधी उघडायचा नाही, हा तुमचा दंडक. तुम्ही मथळ्याएवढं सांगायचात, मग ज्याची पाळी असेल त्यानं ते भांडण आपल्या बोलीत, आपल्या गावात झाल्यासारखं उभं करायचं, दुसऱ्यानं त्याला उलट विचारायचं, आणि शेवटी सगळ्यांनी एकाच्या बाजूनं निकाल द्यायचा. कारण सांगता आलं, की मग पुस्तक. हाताला काम असलं म्हणजे खाली बघून बोलता येतं, लाजऱ्या पोरांची भीड त्यानं मोडते, हे तुम्हीच मला पुढं समजावलंत. मला त्या वेळी वाटायचं, बाईंना फुकटात डाळ निवडून हवी आहे. पण कालांतरानं इंग्रजीतल्या त्या लांब वाक्यांत मला ओळखीची माणसं दिसायला लागली, आणि वर्षाअखेरीला मी सगळ्या विषयांत सुटले. सनद मिळाली त्या दिवशी तुम्ही स्वतः कोर्टात आलात, बार रूमच्या टेबलावर धपाट्यांचा डबा उघडलात आणि मोठमोठ्या वकिलांना म्हणालात, “खा, आमच्या पोरीला सनद मिळाली.” तो डबा मी अजून वापरते.

माझ्या कक्षात चूल नाही, म्हणून मी शनिवारी भुईमुगाच्या शेंगा नेते. टरफलांवरून शिपाई कुरकुरतो, त्याला शेंगा दिल्या की गप्प बसतो. बाकी सगळं तुमचंच. या वर्गातून गेलेले आता जिंतूरला, सेलूला, गंगाखेडला कोर्टात उभे राहतात, समोरच्या पक्षाकडून माझ्याशी कडकडून भांडतात आणि बाहेर आल्यावर पाया पडायला वाकतात. मी वरवर रागावते. आतून मात्र मला आभाळ ठेंगणं होतं.

आता या वर्षीची गोष्ट. चुडाव्याकडून रेल्वेनं येणारी एक मुलगी आहे. घरी थोडकी कोरडवाहू जमीन, वडील नाहीत, थोरल्या भावाच्या जिवावर शिकते. पहिल्या सत्रात ती नापास झाली. भावानं सांगून टाकलं, पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद, गावात शिवणकाम शिक. ती रडत माझ्याकडे आली, म्हणून मी तिची उत्तरपत्रिका काढून बघितली. प्रश्न होता, शेजाऱ्याच्या चिंचेच्या फांद्या आपल्या अंगणावर आल्या तर तोडता येतील का. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या तोडता येतात, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. बाईसाहेबांनी लिहिलं होतं, झाडाला हात लावू नये, अंगणात पडलेल्या चिंचा निम्म्या निम्म्या कराव्यात आणि सणाला दोन्ही घरांनी एकत्र जेवावं. मी स्टाफरूममध्ये एकटीच हसत सुटले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

तिला तुमचीच सगळी बोलणी ऐकवली. ती ऐकते कसली! शेंग फोडत, खाली बघत म्हणाली, “मॅडम, मी निकाल लिहिते. पण निकाल लागल्यावर ते दोघं ऱ्हाणार कुठं?”

“म्हणजे?”

“शेजारीच ऱ्हाणार न्हाईत का? एक जिंकला, एक हरला, अन् रोज सकाळी एकमेकांची तोंडं बघायलेत. त्याचं काय करायचं, ते कुणीच लिहीना.”

 जिंकलेले अशील बांधावरच्या नव्या कटकटी घेऊन परत आलेले मी कितीदा पाहिलेत. शेवटी मी तिला म्हटलं, आधी जबाबदार कोण ते लिही, कायदा लिही, कारणं लिही. तेवढं पुरं करून खाली एक ओळ उरली तर तुझी तू ठरव. पण परीक्षेत ती ओळ टाळ. तपासणारा कोण असेल सांगता येत नाही, आणि तुझं सगळं शिक्षण या पेपरावर टांगलंय.

पेपर झाल्यावर ती थेट कोर्टात आली. प्रश्न छपराचा होता. एकाच्या पत्र्यांचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडून भिंत खचते, जबाबदार कोण. तिनं छपरवाल्याला जबाबदार धरलं होतं, कारणं माझ्यापुढे घडाघडा म्हणून दाखवली, आणि मग हळूच म्हणाली, “खाली ती ओळ लिहिली मॅडम. छपरवाल्यानं पन्हळ बसवावी, अन् ती बसवायला भिंतवाल्यानं आपल्या अंगणात शिडी लावू द्यावी.” मी तिच्यावर भडकले. पक्षकारांसमोर, कोर्टाच्या व्हरांड्यात भडकले. निकाल लागेपर्यंत मी रोज कॉलेजात चौकशी करत होते, कारण ती घरी बसली असती तर त्यात माझाही वाटा होताच; ती ओळ मीच तिला सुचवली होती.

पास झाली, मॅडम. त्या विषयात तर वर्गात सगळ्यांच्या पुढे गेली. भाऊ तिला सोडायला कॉलेजात आला, माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “शिकवा तिला. पण मॅडम, घरात लय अवघड झालंय. माझं अन् बायकोचं काही झालं की ही मधी बसती, चूक कुणाची ते तोंडावर सांगती, अन् वर भाजी कुणी आणायची तेबी सांगती.” बोलताना त्याची छाती मात्र फुगली होती. आणि माझीही.

तुम्ही असतात तर त्या ओळीवर लाल रेघ मारली असतीत, याबद्दल मला शंका नाही. निकाल देणाऱ्यानं मिटवायच्या भानगडीत पडायचं नाही, असंच तुम्ही आम्हाला शिकवलंत आणि त्याच्याच जोरावर मी उभी राहिले. तरीही माझं मत झालंय, की इथे ती मुलगी बरोबर आहे आणि तुमचं चुकत होतं. माझ्या पहिल्या उत्तराला भोपळा योग्यच होता, पण मेंढरं रानात बसवायची ती गोष्ट निकालाखाली ठेवायला जागा हवी होती. आता कक्षात सगळेच निकाल पुरा करून खाली ती ओळ लिहितात. मीच लिहायला लावते.

आणि एक सांगते. तुम्ही आज हयात असतात, इथून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर असतात, तरी हा कागद मी तुमच्या हाती पडू दिला नसता. रविवारी आले असते, पोटभर जेवले असते, पाटीचं कौतुक करून घेतलं असतं, आणि त्या ओळीबद्दल अवाक्षर न काढता घरी गेले असते.