न हलणारी जागा

प्रिय दादा,

आईचा खोकला थांबल्याचं फोनवर सांगितलंस, बरं वाटलं. पुढे मी घर सोडण्याचा विषय काढला आणि तू नेहमीसारखा फोन ठेवलास. म्हणून लिहिते. पत्र मध्येच कट करता येत नाही.

माझ्या कामाला तू डोंगराची नाडी बघणं म्हणून चिडवतोस. आहे साधारण तसंच. उपग्रह डोंगरावर रडारच्या लहरी सोडतो, त्या परत आल्या की अंतर कळतं. ढग असोत, अंधार असो, त्याला फरक पडत नाही. पुढच्या फेरीत तेच अंतर पुन्हा मोजायचं. बोटाच्या पेराएवढी जमीन सरकली तरी इथे खुर्चीत बसून दिसते. फक्त एक जागा न हलणारी धरावी लागते आणि बाकी सगळं तिच्या हिशोबाने मोजावं लागतं. ती जागा मी निवडली. तू हट्टाने घातलेले नवे पत्रे रडारमध्ये लख्ख दिसतात, शिवाय आपलं घर हलेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. हलत नाही असं धरलेल्या जागेचा आकडा शून्यच येणार, पण तो मी तुला कौतुकाने कळवला आणि तू गावभर केलास. दरड कोसळण्याच्या भीतीने समोरच्या उतारावरची माणसं त्या भरवशावर आपल्याकडे राहायला आली. आई त्यांच्या सरबराईत खूश आहे म्हणे.

परवाच्या चित्रात समोरचा अख्खा डोंगर वर चढलेला दिसला. नदीपलीकडचं पठारही. साहेबांनी मशीनवर खापर फोडलं. पण डोंगर असे चढत नाहीत रे. मी दुसरी जागा स्थिर धरून पुन्हा मोजलं आणि डोंगर, पठार, सगळं जागच्या जागी आलं. खाली सरकत होतं ते आपलं घर, मागच्या शेतासकट. वेगही वाढतोय. पुन्हा पुन्हा तपासलं, मग बाथरूमची कडी लावून रडले. मला फार भीती वाटतेय, दादा.

सरकारी इशारा सह्यांसाठी टेबलांवरून फिरतोय, येईल तेव्हा येईल. एवढं पाल्हाळ लावलं, कारण गोष्ट पटल्याशिवाय तू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस. हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं तो आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर. मोठी गाडी घेऊन तो दारात थांबलाय. पाहुण्यांना आधी बसव, आईला धर आणि नीघ. कुलूप लावत बसू नकोस.

तुझीच,
बारकी