कानामागची गाठ

मिशनचा दवाखाना, बेळगाव
१२ मार्च १९३८

तीर्थरूप आप्पांस,

मी कॅथलिक सिस्टरांकडे नर्सिंग शिकायला निघाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "परत तुझं तोंड बघणार न्हाय." मोतीबिंदू काढल्यापासून चार दिवस तुमचे डोळे बांधलेत, अन् मी मुकी होऊन तुम्हाला पेज भरवतेय.

आज पट्टी बदलताना सिस्टरांची गाठ विसरले. हातानं आपसूक मागावरची, तुटलेलं सूत सांधायची बारीक गाठ मारली. तुम्हीच शिकवलेली. तुम्ही ती कानामागं चाचपलीत, लई वेळ. मग म्हणालात, "उद्या पट्टी तूच सोड गं."

म्हणून हे पत्र देत नाही, आप्पा. उद्या तोंडच दाखवते.

तुमचीच,
अंजनी