न पिता सोडलेली दारू

आप्पा, परवा संभाजीनगरला जाऊन माझ्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. तुमचा हात हलायला लागला त्या वयाची मी आता झाले आहे, आणि उन्हाळ्यापासून माझ्याही उजव्या हाताची बोटं आपोआप उडत होती. डॉक्टरीणबाईंनी तुमची सगळी हकिकत विचारून घेतली. म्हणाल्या, हा मेंदूचा आजार असू शकतो, रक्तातून मुलांत उतरणारा. वडिलांनाही तोच असावा, पण ते आता नाहीत, तेव्हा कळलं तर माझ्याच रक्तातून कळेल.

तुमची हकिकत म्हणजे जुन्या जालन्यातलं ते कापडाचं दुकान. तुम्ही माप घेऊन कापड टर्रकन फाडायचात, रेघ कधी चुकायची नाही. मग हात झटके द्यायला लागला, कापड तिरकं फाटायला लागलं, पाय भलतीकडे पडायला लागले. हे पिऊन येतात, असा मालकाने घरी निरोप धाडला. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी मला दाराशी उभी करायची. "बराबर हुंग. लेकीपासून लपवायचे न्हाईत ते." तुम्ही वाकायचात, तोंड उघडायचात. कात आणि सुपारी, दुसरा वास नाही. एक दिवस तुम्ही शाळेसमोरून झोकांड्या खात गेलात, मैत्रिणी हसल्या, आणि संध्याकाळी मी आईला म्हणाले, "येऊन राह्यला वास." चौदा वर्षांची होते, अगदीच अजाण नव्हते. दारू असती तर सुटली असती, एवढंच मला हवं होतं.

आठ दिवसांत तुम्हाला आपल्या गावी, केदारखेड्याला नेलं. दारू सोडायची तर गळ्यात तुळशीची माळ घालायची, ही आपल्याकडची रीतच. भावकीसमोर माळ घातली गेली. काका म्हणाले, "आता पिलास तर बघ." तुम्ही हसलात. "कधी घेतलीच न्हाई, मंग सोडायला काय अवघड?" लोकही हसले, दारुडे असंच बोलतात म्हणाले. माझ्याकडे मात्र तुम्ही पाहिलं नाहीत. हात हलतच राहिला, माळ घालूनही पितो म्हणून जास्तच छी-थू झाली, आणि तसेच तुम्ही गेलात.

रस्त्यात कुणी तोल सावरत चाललेला दिसला की मी अजून थांबते. एकदा तरी समोर या, आप्पा. आईला खरं सांगायचं राहूनच गेलं, निदान तुम्हाला तरी सांगेन.

घरात सगळ्यांना म्हटलं होतं, ही तपासणी मी तुमच्यासाठी करते आहे. आजार निघाला तर तो कागद केदारखेड्यात वाचून दाखवणार, माझं काय व्हायचं ते होवो. बाईंनी पाकीट उघडलं. "तुमच्यात नाही. बोटांचं कारण दुसरं असेल, शोधू." मग वडिलांचं काय, हे त्यांनीच सांगितलं. त्यांना असला तरी प्रत्येक मुलात उतरतोच असं नाही, आता काहीच सांगता यायचं नाही. म्हणजे तुमच्या बाजूची साक्ष गेली ती गेलीच.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे, म्हणून एवढं लिहून घडी करून ठेवते. दवाखान्याबाहेर मी लेकाला फोन केला, हसले, रडले, रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले. फार आनंद झाला, आप्पा. परतीची बस बदनापूरला येईपर्यंत मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.